तहान, ऊन आणि आपल्या मुलखातली पाणीदार फळे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात थंडगार सरबतांच्या किंवा कोशिंबिरींच्या चार पाककृती असाव्यात. दरवर्षी मी तेच देते. पण या खेपेस मी त्यांना म्हटले, "बाई, पाककृती पुढच्या वर्षी देईन. यंदा मला काकडी-कलिंगडाचा इतिहास लिहू द्या." त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी आहे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम, हे मी जाणते. तरी या विषयाकडे मी कशी वळले ते आधी सांगते, म्हणजे भगिनींना माझे धाडस क्षम्य वाटेल.

काही वर्षांपूर्वी वैशाखात ठाण्याला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचे लग्न होते. सकाळी डोंबिवलीहून निघताना मी अर्धा कप चहा घेतला, तेवढाच. पाण्याला तोंड लावले नाही. का, ते बायकांना निराळे सांगायला नको. प्रवासात जायची सोय कुठे मिळेल, मिळाली तर स्वच्छ असेल की नाही, याचा भरवसा नसतो. म्हणून घराबाहेर पडायचे असले की पाणी प्यायचेच नाही, ही सवय मला मुलगी असल्यापासून लागलेली. लग्न लागले, पंगती झाल्या, आणि दुपारी दोनच्या सुमारास मी परतीच्या गाडीत चढले. गर्दीत उभी होते. दिवा मागे पडले आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा मी डब्याच्या फरशीवर बसले होते आणि एक भाजीवाली मावशी पदराने मला वारा घालीत होती. तिने पाटीतली एक काकडी काढली, पाण्याने धुतली, दोन तुकडे केले, वर मिठाची चिमूट टाकली आणि माझ्या हातात दिली. "खा बाय, सावकाश खा," एवढेच म्हणाली. पैसे देऊ लागले तर घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ आणि अंगात ताप. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "तुमचे शरीर तुम्हीच वाळवलेत. हे एका दिवसाचे नाही, वर्षानुवर्षांचे आहे." औषध झाले, बरे वाटले. पण ती काकडी माझ्या मनातून जाईना. कारण अशी काकडी मला पूर्वीही कोणीतरी दिली होती.

माझे आजोळ टिटवाळ्याच्या पलीकडे काळू नदीच्या काठी. भात कापून झाले आणि नदीचे पाणी उतरले की आजी काठच्या मळईत खड्डे करी, त्यांत शेणखत घाली आणि काकडी, कलिंगड, दुधी यांचे बी लावी. सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी. आम्ही मुले उन्हाळ्याच्या सुटीत जात असू तेव्हा वेल जमिनीवर पसरलेले असत आणि कलिंगडांखाली पेंढा घातलेला असे. आजी रानात जाताना भाकरीबरोबर दोन काकड्या बांधून घेई. मी एकदा विचारले, पाणी का नेत नाहीस? ती म्हणाली, "पोरी, पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन लाकडे गोळा करता येत नाहीत. काकडी कनवटीला बांधता येते." ती शाळेत कधी गेली नव्हती.

ही काकडी आपल्याकडे आली कुठून, हे शोधावे असे मला वाटू लागले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. इतक्या जुन्या ज्ञानपोया आपल्या दारी असता मी आजवर तिथे पाऊल टाकले नव्हते, याची लाज वाटली. मराठी पुस्तके मी वाचली आणि इंग्रजी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वाचून मला अर्थ सांगितला. त्यातून जे हाती लागले ते पुढे देत आहे.

काकडी ही आपल्याच देशाची लेक आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण अजून आढळते. ती लहान आणि कडू असते. आपल्या पूर्वजांनी गोड बी निवडून निवडून आजची काकडी घडवली. आपण ज्याला महामृत्युंजय मंत्र म्हणतो तो ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला. त्यात पिकलेले काकडीच्या जातीचे फळ जसे देठापासून आपोआप सुटते, तशी मृत्यूपासून सुटका मागितली आहे. कितीदा तो मंत्र कानांवरून गेला, पण त्यात आपली काकडी आहे हे मला ठाऊकच नव्हते. वेलीवरचे पिकले फळ ज्याने जवळून पाहिले असेल त्यालाच ही उपमा सुचणार.

कलिंगड मात्र पाहुणे. त्याचे मूळ घर आफ्रिका. सुदान देशात अजून त्याच्या अगदी जवळच्या जातीचे फळ पिकते, असे शास्त्रज्ञांनी अलीकडे दाखवून दिले आहे. मिसर देशाचा बालराजा तुतनखामेन सुमारे तेहेतीसशे वर्षांपूर्वी वारला. त्याची कबर १९२२ साली सापडली, तेव्हा तिच्यात कलिंगडाच्या बिया निघाल्या. परलोकीच्या वाटेवर राजाला तहान लागू नये म्हणून नातलगांनी ती शिदोरी दिली असावी, असे मला वाटते. तिथून हे फळ आपल्या देशात केव्हाच आले आणि रुळले. संस्कृतात त्याला कालिंग, कालिंद म्हणतात. आपले कलिंगड त्यातूनच आले.

आता आपल्या ठाण्याकडे वळू. ठाणे हे शिलाहार राजांच्या काळापासून नांदते बंदर. १३२१ साली जॉर्डेनस नावाचा एक फ्रेंच ख्रिस्ती साधू इथे आला होता. त्याच्या चार सोबत्यांचा इथेच अंत झाला, तो मात्र वाचला. पुढे त्याने या देशातल्या नवलाईवर एक लहान पुस्तक लिहिले. त्यात तो इथल्या उन्हाविषयी कळवळून लिहितो की, परक्या माणसाला हा उष्मा सोसणे शक्यच नाही. भगिनींनो, सातशे वर्षांपूर्वीही आपल्याकडे ऊन असेच होते! त्याच पुस्तकात फणस आहे, आंबा आहे, नारळ आहे, आणि एका अशा झाडाचे वर्णन आहे की जे बारा महिने पांढरा गोड रस देते. त्याचे नाव त्याने 'तारी' असे लिहिले आहे. हा आपला ताडच. परमुलखातल्या माणसालाही इथले ऊन आणि त्यावरचा उतारा एकदमच दिसला.

पुढे १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाणे, साष्टीही त्यांच्या अमलाखाली आली. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई परत घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, ते इथे होते. त्यांच्या राज्यात रयतेने पुष्कळ सोसले. पण त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची फळे आली हेही खरे. पपई, पेरू, अननस, सीताफळ ही सारी त्या वाटेची. टोमॅटोही मूळ अमेरिकेचाच, आपल्याकडे त्याला बेलवांगे म्हणत. आज आमच्या घरी टोमॅटोविना आमटी होत नाही, पण आपल्या पूर्वजांनी तो कधी पाहिलाही नव्हता. त्याच काळी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या औषधींवर संवाद आहेत, आणि त्यांत कलिंगडालाही जागा मिळाली आहे. औषधांच्या ग्रंथात कलिंगड असावे, यावरून त्या वैद्यानेही त्याकडे नुसते चैनीचे फळ म्हणून पाहिले नाही, हे उघड आहे.

पण हे सारे पुस्तकातले झाले. आपल्या बायकांनी हे ज्ञान पुस्तकात ठेवलेच नाही, ते सणात बांधून ठेवले. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आठवा. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, ओटीला भिजवलेले हरभरे, आणि गौरीपुढे आरासीला चिरलेली कलिंगडे आणि काकड्या. माझ्या सासूबाई कलिंगडाचे कमळ असे कापीत की पाहत राहावे. चैत्र म्हणजे उन्हाची सुरुवात. ऐन उन्हाच्या तोंडावर घरोघरच्या बायका महिनाभर एकमेकींकडे जातात आणि प्रत्येक घरी त्यांना पन्हे मिळते. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्यायचा. हे नियम कोणी घातले त्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. मला वाटते, ज्या बायका स्वतः उन्हात राबल्या त्यांनीच ते घातले असावेत.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोहोचली. दोन्ही मुहूर्त भर उन्हाळ्यातले. गाडीने आपल्या मुलखाचे रूपच पालटले. शेतातली भाजी पूर्वी आठवड्याच्या बाजारापर्यंत जाई, ती आता त्याच दिवशी मुंबईच्या ताटात जाऊ लागली. वसईची केळी, पांढरी जांबे, बदलापूरची जांभळे, मुरबाड-शहापूरकडची करवंदे, सारे गाडीने येऊ लागले. बदलापूरच्या जांभळाला तर अलीकडे सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. लोकल गाडीला मालाचा जो वेगळा डबा असतो, त्यात पहाटे जाऊन पाहावे. पाट्या आणि हारे घेऊन बसलेल्या बायका दिसतील. माझी आजी त्यांतलीच एक होती. टिटवाळ्याला गाडी धरायची, कल्याणला उतरायचे, स्टेशनाजवळ काकड्या विकायच्या आणि दुपारच्या उन्हात परत. त्या गाडीत मला काकडी देणारी मावशीही त्याच वंशातली, असे मी मानते.

ताडाची हकीकत थोडी कडू आहे. आपल्या किनारपट्टीवर ताड काढण्याचे काम भंडारी समाजाचे. इंग्रज सरकारने १८७८ सालच्या अबकारी कायद्याने झाडांवरचा कर चढवला आणि पुष्कळांच्या पोटावर पाय आला. पुढे १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी झाली. तेव्हा ताडी गेली, पण पहाटे काढलेला ताजा रस, म्हणजे नीरा, हिला उत्तेजन मिळाले. मडक्याला आतून चुना लावला की रस लवकर आंबत नाही आणि नीरा गोड राहते. माझ्या लहानपणी स्टेशनावरच्या नीरेच्या केंद्रापुढे वडील आम्हांला उभे करीत आणि पेला हातात देत. ताडगोळे मात्र आजही एप्रिल-मे महिन्यांत ठाणे, कल्याण, डोंबिवली सगळीकडे मिळतात. कोवळा गोळा घ्यावा. बोटाने दाबला तर आतले पाणी हलले पाहिजे. निबर गोळ्याने पोट दुखते. त्याची साल घामोळ्यांवर चोळण्याची रीतही आमच्या घरी होती.

आता थोडे हिशेबाचे. काकडीच्या शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणीच असते. दुधी, शिराळे, टोमॅटो तिच्याच बरोबरीचे. कलिंगडात ९१-९२, खरबुजात ९०, संत्र्यात ८७ भाग. पाव किलो काकडी खाल्ली तर पेलाभर पाणी पोटात गेले. शिवाय त्याबरोबर चोथा आणि पोटॅशियमसारखे क्षारही गेले. सर्वसाधारण माणसाला दिवसभरात लागणाऱ्या पाण्याचा सुमारे पाचवा भाग अन्नातून मिळतो, असे म्हणतात. याचाच दुसरा अर्थ, उरलेले चार भाग पिऊनच भरून काढायचे आहेत.

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. डॉक्टरांकडून आल्यावर मी मोठ्या हुशारीने ठरवले होते की, आता पाणी प्यायचे नाही, प्रवासात नुसती काकडी खायची, म्हणजे तहानही भागेल आणि जायची अडचणही येणार नाही. पुढच्या खेपेस डॉक्टरांना हे सांगितले तर ते हसू लागले. म्हणाले, "काकडीतले पाणीसुद्धा पाणीच आहे हो. ते बाहेर पडल्यावाचून कसे राहील? आणि बाहेर पडलेच पाहिजे, त्यातच तुमचे आरोग्य आहे." मी ओशाळले. तात्पर्य, फळे पाण्याची जागा घेत नाहीत, ती पाण्याची सोबतीण आहेत.

आणखी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. काकडी किंवा दुधी चाखून पाहावा, कडू लागला तर टाकून द्यावा. कडू दुधीचा रस विषारी ठरून माणसे दगावली आहेत. रस्त्यावर चिरून ठेवलेले, बर्फ घातलेले फळ टाळावे, घरी धुऊन स्वतः चिरावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून खावे. जुलाब-वांत्या झाल्या तर फळांवर भागत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. आणि उन्हाने माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, अंग तापून कोरडे पडले, तर काकडी-सरबताच्या भरीस न पडता त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि तडक रुग्णालय गाठावे.

हे मी उगीच सांगत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. आपल्या ठाणे जिल्ह्यातूनही माणसे भक्तिभावाने गेली होती. त्या दिवशी उन्हाने चौदा जणांचे प्राण गेले, आणि त्यांत बायकांची संख्या अधिक होती. बायकाच अधिक का, याचा खुलासा मी वाचलेला नाही. पण मला माझा गाडीतला दिवस आठवला आणि रात्रभर झोप लागली नाही. त्यांतल्या किती जणींनी सकाळपासून पाणी टाळले असेल, कोण जाणे.

आजीची मळई आता राहिली नाही. काठावर इमारती उठल्या. डोंबिवलीतही आमच्या घराभोवती सासूबाईंच्या वेळी दुधी-पडवळाचे मांडव होते, आज तिथे मोटारी उभ्या असतात. गेल्याचे रडगाणे मी गात नाही, त्याच इमारतींत आपण राहतो. पण तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. एक, यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बाटलीतले रंगीत पाणी न देता पन्हे, काकडी आणि कलिंगडच द्यावे. दोन, त्या दिवशी आपल्या रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनाही बोलवावे आणि त्यांची ओटी भरावी. सगळ्यांना थंडावा विकणाऱ्या त्या दिवसभर उन्हात बसतात, आणि जायची सोय नाही म्हणून त्याही पाणी पीत नाहीत. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची, स्टेशन आणि मंडई यांच्याजवळ बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेली मुतारी हवी, असा अर्ज आपल्या मंडळाने सह्या गोळा करून द्यावा. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' या नावाने हीच मागणी उघडपणे मांडली आहे. हा शब्द स्मरणिकेत लिहावा की नाही, असा मला प्रश्न पडला होता. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "लिहा. न बोलण्यानेच तर आपण आजारी पडलो."

तेव्हा भगिनींनो, इतिहास सांगता सांगता मी अर्जापर्यंत आले, त्याबद्दल क्षमा असावी. ज्या मावशीने मला काकडी दिली तिचे नाव मी विचारले नाही, ही रुखरुख आहे. आता घराबाहेर पडताना मी पाण्याची बाटली घेते आणि डब्यात दोन काकड्या घेते. एक माझी. दुसरी कोणाला लागेल, ते सांगता येत नाही.